आढं

परभणी,
माघ वद्य पंचमी, शके १८६२

चि. सिद्रामप्पास अक्काचे आशीर्वाद. चि. सौ. बसम्मासही.

माझी तब्येत ठीक आहे. तुमची कशी आहे ते कळव. तुम्ही गेल्यापासून एक अक्षर नाही. पालम काही विलायतेत नाही. गंगाखेडपर्यंत टपाल आगगाडीने जाते आणि पुढे बैलगाडीने, एवढे मला ठाऊक आहे.

घरचे सांगते. तुझ्या भागाला कुलूप घातले आहे. दर सोमवारी उघडून झाडून घेते. परसात शेडसाठी भुजंग सुताराने रोवलेल्या मेढी तशाच उभ्या आहेत. पत्रे भिंतीला टेकवून ठेवले होते, वाऱ्याने वाजत, म्हणून आडवे करून वर दगड ठेवले. मनकर्णा भांडी घासायला येते आणि रोज कुरकुरते. "दोन भांडे घासायला एवढ्या लांबून येऊ व्हय अक्का? ताट एक, तांब्या एक. मलाच लाज वाटायलीय पगार घ्यायला." पगार मात्र घेते.

शाळेतून मी आता मोकळी झाले. निरोपसमारंभाला तू नव्हतास. नवीन मुख्याध्यापिका हैदराबादची आहे, मुलींशी फार गोड बोलते. तिचे काय होईल ते होवो.

आता मुद्द्याचे. तू जाताना माझ्याशी बोलला नाहीस. बसम्माने पाया पडून घेतले, पण वर पाहिले नाही. मी हरकत घेतली हे तुला कचेरीत सगळ्यांदेखत ऐकावे लागले, त्याचा तुला राग आला असेल. मी आधी सांगायला हवे होते, एवढे मान्य करते. बाकी मी बेकायदा काही केलेले नाही. बलदियाचा म्युनिसिपल नियम आहे की परसात छपरी किंवा शेड घालायची तर शेजारच्या घराची हरकत विचारतात. आपल्या घराची वाटणी अप्पांनीच केली आणि मधली भिंतही त्यांनीच घातली. कागदोपत्री मी तुझी शेजारीण आहे. नोटीस मला आली, मी उत्तर दिले.

बलदियाच्या मोहतमिमसाहेबांनी हुकूम दिला की शेड घालावी, मात्र छपराचे आढे सामाईक भिंतीच्या वर जाऊ नये. शेड नामंजूर झालेली नाही, हे लक्षात घे. तू तिथे सगळ्यांसमोर म्हणालास, "भिंत माझ्या अक्काच्या डोक्याएवढी हाय साहेब. तेच्याखाली आढं घेतलं तर माझी बायको रांगत सैपाक करील का?" लोक हसले. पेशकार बन्सीधरसुद्धा हसला. कचेरीत असे बोलू नये.

बसम्माला धाप लागते हे मला दिसत नव्हते असे नाही. माझ्या स्वयंपाकघराला एकच झरोका आहे, तोही उत्तरेला. मी गवंड्याला बोलावून तो मोठा करून घेणार आहे. वैद्यांकडचा काढा आणून ठेवला आहे. शिवरात्रीला या. नेहमीप्रमाणे इथेच एका चुलीवर होईल. तुझी वांगी अजून धरलेली आहेत, मीच पाणी घालते.

आणखी काय लिहू? नाही म्हणायला मांजर तुझ्या ओट्यावर जाऊन बसते. हाकलले तरी परत जाते.

पत्र पाठव.

महादेवी

•

परभणी,
चैत्र वद्य अष्टमी, शके १८६३

चि. सिद्रामप्पा,

आशीर्वाद. तुझे कार्ड पोचले. शिवरात्रीला नाही, पाडव्यालाही नाही, आणि कार्डावर तीन ओळी. "बसम्मा बरी आहे. इथं सासऱ्यांच्या परसात उघड्यावर चूल आहे, तिला धाप लागत नाही. मेव्हण्यासोबत दुकानाचं बघायलोय." एवढेच. मी ते कार्ड दिव्याजवळ धरून पुन्हा पाहिले, मागे काही लिहिले आहे का म्हणून.

झरोका मोठा करून घेतला. धूर तरीही आतच फिरतो. मी एकटीची भाकरी करते तर माझ्याच डोळ्यांना पाणी येते. तिघांचा, पाव्हण्यारावळ्यांचा स्वयंपाक ती कसा करीत होती हे मी मधल्या उंबऱ्यावर बसून वही तपासताना कधी पाहिले नाही. तिच्या छातीतला आवाज ऐकू यायचा. मी म्हणायची, "बसम्मा, दार लोटून घे, धूर इकडे येतो." हे आता लिहिते आहे, कारण तूही तेव्हा घरात होतास आणि ऐकत होतास.

काल मी बलदियात गेले. पायी, छत्री घेऊन, भर बाजारातून. ठरवून गेले होते की हरकत मागे घ्यायची, सही करायची आणि घरी यायचे. अर्ध्या घटकेचे काम.

बन्सीधर मला पाहून उठून उभा राहिला. त्याच्या दोन्ही बहिणी माझ्या हाताखाली शिकल्या.

"अक्कासाहेब, तुमी स्वतः?"

"मग कोणी यावे?"

त्याने कपाट उघडले. आपली मिसल, म्हणजे फाईल, काढली, माझा अर्ज काढला आणि उर्दू वाचून मराठीत सांगू लागला. अर्जदार खानदानी परदानशीन आहे. सिद्रामप्पाच्या शेडचे आढे भिंतीवर आल्यास छपरावर चढणाऱ्या गड्याची नजर जनान्यात पडून बेपर्दगी होईल. "हे तुमचंच न्हवं का?"

"माझेच. ते मागे घ्यायला आले आहे."

"तुमी आलात, हीच तर अडचण हाय. परदानशीन बाईचा जबाब कचेरीत होत न्हाई. मुखत्यार लागतो."

"मग लिहा, मी परदानशीन नाही. समोर उभी आहे. तुमच्या बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराने मला तीस वर्षं तोंडावर पाहिले आहे."

बन्सीधरने आवाज खाली आणला. "तसं लिहिलं तर पयला जबाब खोटा ठरतोय. खोट्या जबाबाला फौजदारी हाय. कशाला वो अक्का ह्या वयात?"

मी सरळ आत मोहतमिमसाहेबांकडे गेले. गृहस्थ फार सभ्य. मला दारात पाहताच त्यांनी खुर्ची उचलून फिरवली आणि तोंड भिंतीकडे करून बसले. "बाईसाब, हम बेअदबी नहीं कर सकते. आप तशरीफ ले जाइए, किसी मर्द को भेजिए." मी त्यांच्या पाठीशी बोलले. शेरवानीच्या पाठीला एक शिवण उसवली होती, तिच्याशी बोलले. पाठ नम्रपणे हलत राहिली, बस्स.

बाहेर आल्यावर बन्सीधरने सांगितले की मुखत्यार म्हणून बाप, नवरा, मुलगा किंवा भाऊ चालतो. बाप नाही. नवरा लहानपणीच गेला, तो कोणता ते आठवायलाही मला चेहरा नाही. मुलगा नाही. भाऊ आहे, आणि हरकत त्याच्यावरच आहे. तर तो म्हणतो, "मग तर लय सोपं हाय की. हरकत त्येंच्यावर, मागं घेनारे बी तेच. एका माणसात काम भागतंय." आणि तोंड दुसरीकडे करून हसला. हसू दे.

घरी आल्यावर मनकर्णा अंगणात होती. तिला बाजारातूनच सगळे कळले होते. "परदा कोनाचा वो अक्का? तुमी पुण्याला सायकल चालवित होत्या म्हनं." मी तिला भांडी नीट घास म्हणाले.

सिद्रामप्पा, मी त्या अर्जात परदा का लिहिला ते तू विचारले नाहीस. कचेरीतही नाही, जातानाही नाही. विचारले असतेस तर मी उत्तर दिले नसते. आता देते.

शाळेच्या पाणपोईची शेड घालताना मी बलदियाचे सगळे नियम वाचून काढले होते. गवताचे छप्पर चालत नाही, जिनिंगला आग लागल्यापासून. विहिरीपासून अंतर ठेवावे लागते. धुराचीही हरकत घेता येते. पण अंतर सांगितले तर दरोगा फीत घेऊन येतो आणि मोजतो. धूर सांगितला तर येऊन उभा राहतो आणि बघतो. बेपर्दगीची हरकत मात्र कोणी येऊन तपासत नाही. तपासायला जनान्याच्या अंगणात पाय टाकणार कोण? म्हणून ती लिहिली. ती कधी नामंजूर होत नाही हे मला माहीत होते.

अप्पांनी मला पुण्याला पाठवले तेव्हा गावातली माणसे दारात येऊन त्यांना बोलून गेली. अप्पा म्हणाले, माझी पोर तोंड झाकून जगणार नाही. त्याच पोरीने स्टांपाच्या कागदावर लिहून दिले की ती तोंड झाकते.

आणि हे कशासाठी? चुलीसाठी. तू शेडचा नकाशा काढून आणलास, तेव्हा मी फक्त एक गोष्ट पाहिली, की चूल माझ्या घरातून उठून तुझ्या परसात जाते आहे. वाटणी झाली, भिंत झाली, तरी चूल एक होती. तू पाच वर्षांचा असताना अव्वा गेली, तेव्हापासून तू माझ्या चुलीवर जेवलास. बसम्माच्या धापेचे कारण मला निमित्त वाटले. लोक चूल वेगळी करताना काहीतरी सांगतातच, तसे हे सांगतात, असे वाटले.

तिने मला सांगितले होते. नोटीस आली त्याच संध्याकाळी. परात धुवत होती, दम खात खात बोलली, "अक्का, तुमचा पाट तिथंच मांडते मी. उघड्यावर वारा लागतोय, बरं वाटंल तुमालाबी. पयला घास तुमीच घ्यायचा."

मी म्हणाले, "मी परसात जेवायला पाहुणी नाही."

तिने परात पालथी घातली. दुसऱ्या दिवशी मी अर्ज टाकला.

आता तू यावेस अशी माझी इच्छा आहे. मुखत्यार म्हणून. दुसरे कोणी चालत नाही. हे सरकारी फसली साल संपायच्या आत हरकत निघाली नाही तर मिसल बंद होईल आणि हुकूम कायम राहील. मग त्या मेढी जळणाला काढाव्या लागतील.

बसम्माला हे पत्र वाचून दाखव. सगळे.

अक्का

•

परभणी,
ज्येष्ठ शुद्ध एकादशी, शके १८६३

चि. सिद्रामप्पास आणि चि. सौ. बसम्मास अक्काचे आशीर्वाद.

तू कचेरीत येऊन गेलास त्याला आता बरेच दिवस झाले. घरी येशील म्हणून मी धपाटे करून ठेवले होते. दही लावले होते. नंतर मनकर्णाने पोटभर खाल्ले आणि म्हणाली, "सिद्रामप्पांच्या नशिबात न्हवतं, माझ्या हाय." तिच्यावर मी रागावले नाही.

त्या दिवसाबद्दल आपण दोघेही बोललो नाही, म्हणून लिहिते. मला त्यांनी शेजारच्या खोलीत बांबूच्या चिकेच्या पडद्यामागे बसवले होते. खोलीत जुन्या मिसलींचे गठ्ठे आणि एक मोडकी खुर्ची. चिकेतून तुझी पाठ दिसत होती आणि टोपी. टोपी नवी आहे. तू वाळला आहेस.

मोहतमिमसाहेबांनी विचारले, आणि तू सांगितलेस, "माझी बहीण परदानशीन हाय. ती कचेरीत बोलत न्हाई. तिच्या वतीनं मी बोलतो. आमची हरकत न्हाई." एकदाही अडखळला नाहीस. मला वाटले होते तू हसशील, किंवा आवाजात काहीतरी येईल. काही आले नाही. मग बन्सीधरने चिकेजवळ येऊन विचारले, "बाई, हे कबूल हाय का?" मी म्हणाले, "होय."

मी शाळेत तीस वर्षे बोलले. इन्स्पेक्टरसाहेबांशी भांडले. गल्लीतल्या पाटलाला रस्त्यात उभे करून बोलले. माझ्या भावाला सहा महिन्यांनी समोर पाहिले आणि मला एक शब्द बोलायची परवानगी होती. तो बोलून झाला तेव्हा तू सही करत होतास. चिक बाजूला करून बाहेर आले असते तर बन्सीधर म्हणतो सगळे फुकट गेले असते. मी बसून राहिले. तुझी गाडी दुपारची होती हे मला नंतर कळले.

इजाजतनामा आला. तुझ्या नावाचा आहे. लाल शाईची मोहोर आहे. मी तो फडताळात ठेवला आहे.

तुझे कार्ड त्याच दिवशी पोचले. दुकान ठरले, पालमलाच राहायचे, पत्रे विकून टाक असे तू लिहिलेस. शेवटी लिहिलेस, "अक्का, तू आयुष्यात एका शब्दात बोललीस ते मी ऐकलं." हे टोचून लिहिलेस की मायेने, हे मला कळले नाही. दोन्ही असेल.

पत्रे मी विकले नाहीत.

भुजंगला बोलावून शेड घालून घेतली. तो म्हणाला, "आढं किती उंच घ्यायचं अक्का? भिंतीच्या हातभर वर बास होईल." मी म्हणाले, इजाजतनाम्यात जेवढे लिहिले आहे तेवढे पूर्ण घे, बोटभर कमी नको. घेतले. धूर जायला वर जागा सोडली आहे. तीन बाजू उघड्या, चौथीला तुझ्या घराची भिंत. चूल मनकर्णाने घातली, दोन तोंडांची. तिला बसम्माची उंची माहीत आहे, त्या हिशेबाने ओटा घेतला. म्हणाली, "बसम्मावैनीला वाकावं लागू नये." हे माझ्या लक्षात आले नसते.

आता माझ्या अंगणातून आढे दिसते. छपरावर भुजंगचा गडी चढला होता, तो माझ्या अंगणात पाहून गेला असणार. तिथे तुळस आहे, धुणे वाळत होते, आणि मी खाटेवर वर्तमानपत्र वाचत होते. त्याने रामराम केला. मी केला.

एक अडचण आहे, ती तुला सांगितलीच पाहिजे. इजाजतनाम्याच्या खाली अट आहे. ज्याच्या नावाची इजाजत त्याने वर्षाच्या आत वापर सुरू केला पाहिजे, नाहीतर इजाजत रद्द होते आणि शेड उतरवावी लागते. ही अट मी घातलेली नाही. तू येऊन वाच, फडताळात आहे. चूल मी पेटवू शकत नाही. मी पेटवली तर तो वापर माझा होईल, तुझा नाही. बन्सीधर म्हणाला, "कोन बघायला येतंय अक्का? पेटवा की." मी त्याला म्हणाले, मी बघते ना.

म्हणून भाकरी माझ्याच घरात, धुरात करते. मग ताट घेऊन, तुझ्या भागाचे कुलूप काढून, शेडमध्ये जाऊन बसते. परसात जेवते. वारा खरेच लागतो. बसम्मा म्हणाली होती ते खरे आहे.

तुम्ही तिथे राहा, दुकान चांगले चालू दे. बसम्माला तिथे श्वास येतो, तो सोडून ये असे मी म्हणणार नाही. माझ्या चुलीवर परत या असेही म्हणणार नाही, ते म्हणण्याचा माझा अधिकार गेला. एका दिवसासाठी या. एवढेच मागते. चूल पेटवा, जेवा, जा. मग शेड उभी राहील. नंतर तिचा काय उपयोग हे मला विचारू नकोस, ते मला सांगता येणार नाही.

बसम्मा, हे तुला. पाट मी घासून ठेवले आहेत. त्या दिवशी तुझा पाट मी मांडीन आणि माझा तुझ्या बाजूला मांडीन. पहिला घास तू घ्यायचा. मी थांबेन. मला थांबायची सवय नाही, पण या उन्हाळ्यात थोडी लागली आहे.

यायचे नसेल तर तसे स्पष्ट लिहा. तरीही अट संपेपर्यंत मी चुलीला हात लावणार नाही.

वांगी संपली. मांजर आता शेडमध्ये झोपते, थंड चुलीत. तिला मी हाकलत नाही.

तुमची,
मिसलीत कायमची परदानशीन,
अक्का